सरपणाची फळी

धुऱ्यावर छाटून टाकलेल्या बाभळीच्या फांदीत, भातगिरणीच्या मागे साचलेल्या तुसात आणि मळणीनंतर बांधीत विखरून राहिलेल्या तणशीत अग्नी आहे, त्या अग्नीपासून वाफ आणि वाफेपासून वीज निर्माण करता येते, हे आता कोणास पटवून देण्याचे कारण उरलेले नाही. चिमूर आणि देसाईगंज या आमच्या आसपासच्या गावांनी तुसावर चालणारी वीजकेंद्रे प्रत्यक्ष पाहिली आहेत, आणि उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरात तर तूसच जळत असते. जे अद्याप नीटसे उलगडलेले नाही, आणि ज्याविषयी सरकारी परिपत्रकांत व व्याख्यानांत सर्वांत कमी बोलले जाते, ते हे की ती फांदी धुऱ्यापासून भट्टीपर्यंत पोहोचते कशी, ती वाहतो कोण, वाटेत तिच्यातील किती अग्नी शिल्लक राहतो, आणि मुळात तिच्यावर पहिला हक्क कोणाचा. मी ब्रह्मपुरीस राहतो. एका बाजूस वैनगंगा व दुसऱ्या बाजूस जंगल असलेल्या या धानाच्या तहसिलीत हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसत असेल, म्हणून तो येथूनच मांडावा असे मनात आले.

छाटणीपासून ऊर्जा असा विषय निघाला म्हणजे महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम द्राक्षबाग उभी राहते, आणि ते यथायोग्यच आहे. निफाड, दिंडोरी किंवा तासगावकडील बागाईतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन तारखांवर त्याचे सारे वर्ष आधारलेले असते. म्हणजे येथे माल केव्हा निघणार हे ठाऊक, कोठे निघणार हे ठाऊक, तो सरळ ओळींत पडलेला, आणि तो कापण्याची मजुरी द्राक्षांच्या हिशेबात आधीच पडून गेलेली. पुरवठ्याची साखळी बांधू पाहणाऱ्याला याहून सोयीची परिस्थिती कोणती असणार? आणि तरीही त्या काड्यांचा मोठा भाग आजही बांधावर ढीग रचून पेटवून दिला जातो, किंवा त्याचा चुरा करून तो मातीत मिसळला जातो. यांपैकी दुसरा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण त्या जमिनींना सेंद्रिय द्रव्याची भूक मोठी आहे. परंतु पहिला मार्ग स्वीकारणारा शेतकरी आळशी किंवा अडाणी असतो असे जे सुचविले जाते ते सर्वथा अन्यायाचे होय. त्याने हिशेब केलेला असतो. काड्या गोळा करण्याची, तारांमध्ये अडकलेल्या वेगळ्या काढण्याची, गाडीत भरण्याची आणि दूरच्या कारखान्यापर्यंत नेण्याची मजुरी ही त्या काड्यांच्या किमतीहून अधिक होते, इतका तो हिशेब साधा आहे.

या हिशेबाच्या मुळाशी दोन पदार्थ आहेत, पाणी आणि हवा. आणि ज्याला ही साखळी समजून घ्यावयाची असेल त्याने बॉयलराचा विचार सोडून काही काळ याच दोहोंचा विचार करावा. नुकत्याच कापलेल्या हिरव्या फांदीच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. दहा टनांच्या ट्रकात अशा फांद्या भरल्या तर ट्रकमालक पाच टन लाकडाचे आणि पाच टन पाण्याचे भाडे घेतो, आणि ते पाणी भट्टीत गेल्यावर स्वतःची वाफ करून घेण्यासाठी पुन्हा लाकडाचीच उष्णता खाते. त्यामुळे ओल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे दोन हजार किलोकॅलरी हाती येतात, तर तेच लाकूड उन्हात वाळून पाण्याचे प्रमाण शेकडा पंधरावर आले की साडेतीन हजारांहून अधिक. म्हणजे दोन-तीन महिने उन्हात पडून राहणे, ज्याला खर्च जवळजवळ काहीच नाही, त्याने इंधनाचे सामर्थ्य पाऊणपटीहून अधिक वाढते. कोणत्याही यंत्राने इतक्या स्वस्तात इतके काम केलेले माझ्या ऐकिवात नाही. हवेची गोष्ट याहून कठीण आहे. मोकळ्या तणशीचे वजन घनमीटरला पन्नास किलोच्या आगेमागे भरते, म्हणून दहा टनांचा ट्रक काठोकाठ भरून, वर दोर आवळूनही तो जेमतेम दोन टन तणस नेतो आणि उरलेल्या आठ टनांच्या जागी हवा वाहतो. तीच तणस दाबून तिच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, केल्या तर घनमीटरला सहाशे किलोंच्या वर वजन जाते आणि ट्रक पूर्ण भरतो. पण दाबण्याच्या यंत्राला वीज लागते, साचे झिजतात, कच्चा माल कोरडा आणि मातीविरहित असावा लागतो, आणि तो वर्षभर मिळावा लागतो. पाणी घराजवळ घालवावे, हवा शक्य तितक्या लवकर घालवावी, आणि मग चाकांवर चढावे, हा या व्यवसायाचा क्रम आहे. जेथे जेथे तो उलटला तेथे तेथे धंदा बुडालेला दिसतो.

ज्यांनी हा क्रम पाळला त्यांची उदाहरणे परदेशात आहेत आणि त्यांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला कालिमेरा नावाच्या छोट्या गावी ऑलिव्हच्या छाटणीवर चालणारे एक मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि त्याचा लौकिक यंत्रामुळे होण्यापेक्षा त्याने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादेमुळे अधिक झाला. फांद्या आणावयाच्या त्या सुमारे दहा किलोमीटरांच्या आतूनच. एक मेगावॉट हा आकडा आमच्या कानाला क्षुल्लक वाटतो, पण त्या दहा किलोमीटरांच्या वर्तुळात जितके झाड होते तितकेच केंद्र त्यांनी बांधले. स्पेनमध्ये कातालोनियातील विलाफ्रांका देल पेनेदेस या द्राक्षांच्या गावाने वेलीच्या काड्यांचा चुरा करून त्यावर गावच्याच सार्वजनिक इमारतींना ऊब पुरविण्याची योजना आखली. वीज करण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत, कारण जेथे उष्णतेचीच गरज आहे तेथे लाकडाची वीज आणि विजेची पुन्हा उष्णता करणे म्हणजे वाटेत दोन तृतीयांश अग्नी सांडून देणे आहे. कालिमेरा ज्या सालेन्तो प्रदेशात आहे त्यावर पुढे दैवाने एक घाला घातला, तोही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सालेन्तोमधील ऑलिव्हच्या झाडांवर २०१३ पासून झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग पसरला आणि शेकडो वर्षांची झाडे वाळून गेली. एकाच झाडावर बांधलेली साखळी त्या झाडाच्या आरोग्याइतकीच टिकाऊ असते.

आता आमच्याकडे यावे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल आणि नदीपलीकडे देसाईगंज, आरमोरी हा सारा धानाचा मुलूख आहे. याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे धानाचे वाण निवडून काढले, सिंदेवाहीस भाताचे संशोधन केंद्र आहे, आणि गोसीखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी जसजसे पोहोचत आहे तसतशी उन्हाळी धानाची हिरवळही दिसू लागली आहे. धान आले म्हणजे तणस आली; एक क्विंटल धानामागे एक ते दीड क्विंटल तणस आणि गिरणीत वीस किलोच्या आसपास तूस, हे प्रमाण साधारणपणे धरावयास हरकत नाही. पूर्वी कापणीनंतर कडपा वाळत, त्यांचे भारे बांधून खळ्यात पुंजणे रचले जाई, आणि मळणी झाली की तणस आपोआप एका ठिकाणी, घराशेजारी, ढिगाच्या रूपाने उभी राहत असे. म्हणजे आज ज्याला संकलन म्हणून मोठे नाव दिले जाते ते काम शेतीच्या रीतीतच अंतर्भूत होते. हार्वेस्टर यंत्र आले आणि त्याने धान तर झटपट पोत्यात घातले, पण तणस बांधीभर उधळून टाकली. आता ती गोळा करावयाची तर वेगळी मजुरी लागते, आणि रब्बीची घाई असलेला शेतकरी तिला काडी लावतो. मजुरांच्या टंचाईवर काढलेला एक उपाय दुसरी एक साखळी कशी तोडून टाकतो याचे हे उदाहरण आहे.

तणशीखेरीज आमच्याकडे खरीखुरी छाटणीही आहे, फक्त ती बागेत होत नाही. धानाच्या बांधीच्या धुऱ्यांवर बाभूळ, पळस, ऐन, मोह उभे असतात. धानावर सावली पडू नये म्हणून बाभळीच्या फांद्या वेळोवेळी उतरविल्या जातात, काट्यांचे कुंपण होते, आणि बाकीचे सरपण. जंगलात तेंदूच्या झुडपांची छाटणी माघ-फाल्गुनात होते, कारण छाटलेल्या झुडपाला उन्हाळ्याच्या तोंडी जी नवी पालवी फुटते तीच विडीसाठी मऊ आणि मोठी पाने देते. निफाडच्या वेलीची छाटणी फळांसाठी तशी ही पानांसाठी केलेली छाटणी आहे, हिचीही तारीख ठरलेली आहे, आणि हिच्याही काड्या जागीच पडून राहतात. कोरडा पाचोळा आणि वाळलेल्या काड्या एप्रिलच्या उन्हात रानात पसरलेल्या असल्या म्हणजे वणव्याचे भय किती वाढते ते वनखात्याला मी सांगण्याची गरज नाही.

इतका माल असता त्याला गिऱ्हाईक नाही असेही नाही. चंद्रपूरच्या ऊर्जानगरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॉटचे आहे, आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांनी कोळशात शेकडा पाच या प्रमाणात जैवभाराच्या गोळ्या मिसळाव्यात असे धोरण जाहीर केले, त्याच्या मुळाशी पंजाब-हरियाणातील पराली जाळण्याचा आणि दिल्लीच्या धुराचा प्रश्न होता. हे पाच टक्के चंद्रपुरास लावून पाहू. केंद्र पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे सात कोटी युनिट वीज होईल. युनिटमागे पाऊण किलोहून थोडा कमी कोळसा धरला तर दिवसाला पंचेचाळीस ते पन्नास हजार टन. आणि त्याचे पाच टक्के म्हणजे सव्वादोन ते अडीच हजार टन गोळ्या, रोज, पावसाळ्यातसुद्धा. केंद्र दोन तृतीयांश भारानेच चालते असे मानले तरी रोज दीड हजार टन, म्हणजे दहा टनांचे दीडशे ट्रक. हा आकडा ऐकून हुरळून जाणारे उद्योजक मला भेटले आहेत. मला मात्र त्याने भय वाटते, कारण इतकी मोठी भूक एखाद्या मुलुखाच्या एका टोकाला निर्माण झाली म्हणजे ती त्या मुलुखातील काडीन्काडी आपल्याकडे ओढू लागते, आणि ज्याच्याजवळ ट्रक आणि भांडवल आहे तो मक्तेदार त्या ओढीच्या मध्यभागी जाऊन बसतो. बल्लारपूरचा कागदकारखाना १९४५ साली स्थापन झाला तेव्हा त्याच्या नावातच कागदाबरोबर पेंढ्याच्या पुठ्ठ्याचा उल्लेख होता. पुढील दशकांत आताच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबू त्या दिशेने किती वाहून गेला, आणि बांबूच्या कामट्यांवर पोट असलेल्या बुरुडाला त्याच काळात बांबूसाठी किती खेटे घालावे लागले, हे या भागातील वृद्ध माणसे अजून सांगतात.

म्हणून माझे म्हणणे असे की साखळीची आखणी भट्टीच्या टोकापासून करू नये, चुलीच्या टोकापासून करावी. जी काडी गावच्या चुलीला लागते तिने गावाची शीव ओलांडता कामा नये. जी गुरांना लागते ती दावणीतच राहावी. जी बांधीच्या मातीला लागते ती मातीत जावी. आणि एवढे होऊन जे उरेल तेच वाळवून, दाबून, चाकांवर चढवावे. हे भावनेचे बोलणे नाही, तर या प्रांताचा जुना कायदाच असा आहे. मालगुजारीच्या काळात रयतेला गावच्या जंगलातून सरपण, शेतीच्या अवजारांपुरते लाकूड आणि चराई यांचा निस्तार, म्हणजे घरगुती वापराचा हक्क, असे, आणि तो वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्रात, नमूद केलेला असे. ब्रह्मपुरी मध्यप्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, जंगले सरकारजमा झाली, पण निस्ताराचे तत्त्व कागदावरून पुसले गेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे आजही आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची यादी करताना निस्तार हा शब्दच त्या यादीत घातला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा या तत्त्वाला केवळ घरगुती वापराचा नव्हे, तर विक्रीचाही अर्थ प्राप्त झाला. निस्तार आधी आणि बाजार नंतर हा क्रम मात्र तेथेही तसाच राहिला.

सरपणाचा प्रश्न आमच्याकडे केवळ अर्थशास्त्राचा नाही, तो जिवाचा आहे. ब्रह्मपुरी वनविभागात अभयारण्याबाहेर जितके वाघ आहेत तितके देशात फार थोड्या ठिकाणी असतील, आणि याच जंगलात रोज पहाटे स्त्रिया मोळीसाठी जातात. त्यांत घरच्या चुलीसाठी जाणाऱ्या आहेत तशाच डोक्यावर मोळी घेऊन ती गावात विकणाऱ्याही आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशी घटना घडली म्हणजे काही दिवस लोक संतापतात, जाळी-कुंपणाच्या आणि नुकसानभरपाईच्या मागण्या होतात, आणि आठवड्याभरात पुन्हा कोणी ना कोणी स्त्री कुऱ्हाड घेऊन रानाकडे चालू लागते, कारण संध्याकाळी चूल पेटवावयाची असते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर घरोघर पोहोचले हे खरे. परंतु मजुरीच्या मोसमाबाहेर दुसरे सिलिंडर भरण्याइतका पैसा सर्वांच्या हाती नसतो, हेही प्रत्येक गावच्या परसात रचलेल्या सरपणावरून दिसते. दोनशे घरांच्या गावात घरामागे रोज पाच किलो सरपण धरले तर दिवसाला एक टन होते, वर्षाला साडेतीनशे टनांहून थोडे अधिक. चंद्रपूरच्या भट्टीपुढे हा आकडा अर्ध्या तासाचाही नाही, पण त्या गावातील बायांच्या अंगावरून एक वर्षाचे भय उतरविण्यास तो पुरेसा आहे. धुऱ्यांवरच्या बाभळी, तेंदूची छाटणी आणि आमराईच्या वाळक्या फांद्या मिळून त्यातील मोठा भाग गावाच्या हद्दीतच, उजेडात आणि समूहाने गोळा होऊ शकतो, असे मला अनेक गावे पाहून वाटते.

आणि समूहाने गोळा करण्याची विद्या आम्हांस कोणी शिकवावयास नको. तेंदूचा हंगाम पाहा. पान हा फांदीहूनही कठीण माल आहे. ते हलके, फुगीर आणि नाशवंत, मोजावयास किचकट, हजारो हातांनी तोडलेले, आणि ते दोन आठवड्यांच्या आत सुकवून रवाना व्हावे लागते. तरीही दरवर्षी मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेकडो फळ्यांवर, म्हणजे तेंदूच्या संकलनाच्या जागांवर, हे काम सुरळीत पार पडते. बाया पहाटे पाने तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर फळीमुन्शी ते मोजून कार्डावर नोंद करतो, मोकळ्या मैदानात पुड्यांच्या ओळी मांडल्या जातात, त्या ठरावीक दिवसांनी उलटविल्या जातात, वाळल्यावर हजार पुड्यांचे एक पोते अशी बोदभराई होते, परवाना फाडला जातो आणि ट्रक गोदामाकडे निघतो. यात संकलनकेंद्र आहे, वाळवण आहे, मोजणी आहे, नोंद आहे, बांधणी आहे, वाहतूक आहे. ज्या गोष्टी शिकण्यासाठी आम्ही परदेशी अहवाल वाचतो त्या सर्व येथे अंगणात आहेत. गडचिरोलीतील कितीतरी ग्रामसभा तर आता स्वतःच तेंदूचा लिलाव करतात. विडीच्या धंद्याला भविष्य किती, याविषयी मला शंका आहे, आणि ते नसावे असेही एका अर्थाने वाटते. परंतु त्या धंद्याने घडविलेली फळी ही संस्था त्याच्याबरोबर नाहीशी होऊ देणे हा मोठा तोटा होईल.

फळीवरच सरपणाची आणि छाटणीची तोलाई व्हावी, अशी माझी सूचना आहे, आणि तिच्यात काही गोष्टी आधी ठरवून घेतल्याखेरीज तिला हात घालू नये. पहिली गोष्ट तोलाची. दर ओल्या वजनावर ठेवला तर माल ओलाच येईल, किंबहुना वाटेत त्यावर पाणीही पडेल. म्हणून दर कोरड्या वजनाचाच असावा आणि ओलावा मोजण्याचे छोटेसे यंत्र काट्याशेजारी सर्वांना दिसेल असे ठेवावे. दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. मजुरी करणाऱ्या घराला सहा महिन्यांनी मिळणारे दोनशे रुपये आणि याच आठवड्यात मिळणारे दीडशे यांत दुसरेच अधिक मोलाचे असतात. फळीवरचा आठवड्याचा चुकारा ज्या वर्षी चुकेल त्याच्या पुढील वर्षी काड्या पुन्हा धुऱ्यावर पेटतील. तिसरी गोष्ट परवान्याची. बांबूच्या बाबतीत वनकायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढला आणि शेतकऱ्याचा मोठा जाच वाचला. धुऱ्यावरील झाडाची मनगटापेक्षा बारीक फांदी छाटून ती गावच्या फळीवर नेण्यास कोणत्याही दफ्तरातून वाहतुकीचा रवन्ना आणावा लागू नये, इतकी साधी आणि निःसंदिग्ध मुभा महसूल आणि वनखात्याने मिळून लेखी द्यावी. खोडाला मात्र कुऱ्हाड लागता कामा नये, आणि छाटणीच्या नावाखाली झाड उतरविण्याचा प्रकार सुरू झाला तर तो ग्रामसभेनेच प्रथम रोखला पाहिजे, कारण फळीवर माल आला की दर आला, आणि दर आला की मोह आला, ही साखळीही तितकीच सरळ आहे.

पावसाचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील आणि तो योग्यच आहे. आमच्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थाने शेतातील काडीकचऱ्याच्या विटा पाडण्याचे यंत्र मोठ्या उमेदीने घेतले, डिसेंबरपासून मेपर्यंत ते उत्तम चालले, आणि जुलैत त्याच्या उघड्या ढिगातून वाफ निघू लागली. ओल्या ढिगात जिवाणूंचे काम सुरू झाले म्हणजे तो आतून तापतो आणि आपलाच अग्नी आपणच खातो, आणि ऑगस्टपर्यंत त्या ढिगातील अर्धा माल शेणखताच्या उपयोगाचा राहिला. यंत्र अजून आहे, त्यावर झूल घातलेली आहे. त्या गृहस्थाने यंत्रावर जेवढा खर्च केला त्याच्या चौथ्या हिश्श्यात टिनाचे एक उंच, बाजूंनी मोकळे छप्पर झाले असते, आणि मला वाटते की जिल्हा परिषदेला किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीला या साखळीत एकच गोष्ट द्यावयाची झाली तर ती यंत्राऐवजी छप्पर असावी.

गावाच्या चुली आणि गुरे यांचे भागवून जी तणस उरेल, विशेषतः हार्वेस्टरच्या मागे पडलेली, ती गोळ्यांच्या रूपाने चंद्रपुरास जाण्यास माझा विरोध नाही. उलट ती बांधीत जळण्यापेक्षा तेथे जाणे चांगले. मात्र त्यातही तारतम्य हवे. तणशीत सिलिका, पोटॅश आणि क्लोरीन अधिक असते, तिची राख लाकडाच्या राखेच्या कितीतरी पट, आणि ती राख बॉयलरच्या नळ्यांवर वितळून चिकटते, म्हणून एकदम मोठे प्रमाण मिसळण्याच्या आज्ञा काढणाऱ्यांनी बॉयलर चालविणाऱ्या अभियंत्याचेही ऐकावे. आणि वाहतूक करावयाचीच झाली तर ब्रह्मपुरीच्या स्थानकातून नागभीडमार्गे चांदाफोर्टपर्यंत जाणारा रेल्वेमार्ग इंग्रजांच्या काळापासून आहे, आता तो रुंदही झालेला आहे. दीडशे ट्रक रोज मूल-चंद्रपूरच्या जंगलातील रस्त्याने धावावेत, ज्या रस्त्यावर रात्री वाघही फिरतो, यापेक्षा मालगाडीचे काही डबे या कामी लागणे सर्वांच्याच हिताचे होईल.

हा सगळा विचार एकदम सगळ्या तहसिलीत लागू करावा असे मी म्हणत नाही. आमच्या या झाडीपट्टीत धान खळ्यात आले की नाटकांच्या रात्री सुरू होतात, लोक मोकळे असतात आणि ग्रामसभा भरविणे त्याच दिवसांत सोपे जाते. येत्या पौषात दोन-तीन गावांनी ठराव करावेत. माघात तेंदूची छाटणी करावयास जेव्हा माणसे वनरक्षकासह घोळक्याने रानात जातात तेव्हाच छाटलेल्या काड्यांचे भारे बांधून बंडीने बाहेर आणावेत, म्हणजे सरपणासाठी दुसऱ्या दिवशी एकटीला पुन्हा जावे लागणार नाही आणि वणव्याचे खाद्यही कमी होईल. धुऱ्यावरच्या बाभळी त्याच महिन्यात उतरवाव्यात. काटा, ओलाव्याचे यंत्र आणि एक वही एवढे सामान पहिल्या वर्षाला पुरे. जागेसाठी कोणाकडे अर्ज करण्याचे कारण नाही; तेंदूची फळी मे उजाडेपर्यंत रिकामीच असते.